बाबांच्या झोर्कीचा नंबर

१९ सप्टें., शुक्रवार
शाळेत जुन्या कॅमेऱ्यांचं प्रदर्शन. बाबांचा झोर्की, जुना रशियन कॅमेरा, देणार. त्याची पाटी लिहीत बसलो. खारकोवच्या अनाथ पोरांनी जर्मन लायकाबरहुकूम फेड नावाचा कॅमेरा बनवला, पुढं मॉस्कोजवळ फेडवरून झोर्की. नकलेची नक्कल, पण काय दणकट! शेवटी लिहिलं : ६८ साली पूर्णा स्टेशनवर आईचा लग्नानंतरचा पहिला फोटो याच कॅमेऱ्यानं काढला. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगायचे.

२१, रविवार
झोर्कीवर कोरलेल्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे बनल्याचं साल, असं वाचलं. भिंग लावलं. ७२. पुसून पाहिलं, ७२च.
मग ६८ चा फोटो?
कॅमेरा घराबाहेर गेला तो मागच्या दिवाळीत. शटर अडकलं म्हणून जिंतूरला, दिलीपच्या स्टुडिओत. शाळेपासूनचा दोस्त. त्यानं बदलला?

२४, बुधवार
दिलीपला घरी बोलावून आईसमोरच विचारलं. तो आईकडं बघत राहिला. ती तांदूळ निवडत होती, वर पाहिलं नाही.
"तुला तसं वाटायलंय तर तसं," म्हणाला.
चोर म्हणालो. तोंडावर. पाणीसुद्धा न पिता गेला.
आपल्याच माणसानं असं करावं! पाटी फाडून टाकली.

२ ऑक्टो., दसरा
पूजेत कॅमेरा ठेवला नाही. आईनं स्वतः आणून पाटावर मांडला, कुंकू वाहिलं. मी ओरडलो, खोट्याची कसली पूजा?
"तुज्या बाबांकून पह्यला जिंतूरच्या एसटीत राहिला. तू चार वर्सांचा व्हतास. नांदेडहून तसाच दुसरा आणला जुना. पोराला सांगू नको म्हणले."
"आणि दिलीप?"
"त्यानं दिवाळीतच नंबर बघून इचारलं व्हतं. मीच शपथ घातली."
म्हणजे मी त्याला चोर म्हणत होतो तेव्हा ही सगळं माहीत असून तांदूळ निवडत होती.
बाबा मला जन्मभर धांदरट म्हणाले, कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. आणि स्वतः... सगळ्यांनी मिळून मला एकट्याला वेड्यात काढलं. आईची तर जास्तच चीड येतेय.
दिलीपला फोन लावला. बायकोनं उचलला. "ते म्हणायलेत, सोनं द्यायला यायची गरज न्हाई."
आई लुगडं बदलून दारात बसलीय. "मी येते जिंतूरला. मीच सांगते त्याला."
अजून तिला हो म्हटलेलं नाही.