उंदीर माझ्या बदलीवर

बोईसर, दि. ९ डिसेंबर १९९४

चि. हंसास मामाचे पोटभर आशीर्वाद (पोट सध्या जळते आहे, आशीर्वाद मात्र थंड आहेत). आम्ही इकडे ठीक. तुझी मामी जरा जास्तच ठीक, हे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येते. मुंबईच्या प्रयोगशाळेतले तुझे उंदीर कसे आहेत?

इथल्या डॉक्टरांनी मला बजावले आहे, की मुंबईला जाऊन घशातून दुर्बिणीची नळी घालून घ्या. इतक्या वर्षांच्या जळजळीने अन्ननलिकेत काही वाईट उगवले नाही ना, ते बघायचे म्हणे. मी तयार होतो (जवळजवळ). पण दिवाळीत तू सांगितलेस, की उंदराला साधी ओकारीही येत नाही, म्हणून तुम्ही ऑपरेशन करून त्याच्या पोटातला रस अन्ननलिकेत चढवता आणि माणसाचा कॅन्सर कसा होतो ते त्याच्यात बघता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कारखान्यात मी रजेवर गेलो की माझ्या मशीनवर बदली कामगार उभा राहायचा. त्याने पाळी भरली की ती मला पुन्हा भरावी लागत नसे. तसा हा उंदीर माझा बदली. त्याला तपासले, म्हणजे मला तपासले.

हे मी डॉक्टरांना नीट समजावले. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चंद्रभानराव, उंदीर जेवला तर तुमचे पोट भरते का?" याचे उत्तर मी मामीला विचारले, तर तिने त्या दुपारी मला ताटच वाढले नाही (बघू म्हणाली, भरते का). दांडी गावचा देवू कोळी मासळी घेऊन आला होता, तो म्हणतो, "मामा, उंदराला कोनी ईचारला का, तो तुमच्या बदली जायला तयार हाय का नाय?" आता तर मला हेही कळेना, की तो माझा बदली की मी त्याचा, कारण मला जी जळजळ आपोआप होते, ती त्याला बिचाऱ्याला ऑपरेशन करून आणावी लागते.

तू शिकलेली आहेस. डॉक्टरांना दोन ओळी लिही, की उंदरावर भागते.

तुझा
चंद्रभानमामा

ता. क. – डॉक्टरांना काही लिहू नकोस. हल्ली भाकरी छातीत अडकते, पाण्याने ढकलतो. मामीला बोललो नाही. नळीसाठी तिकडची तारीख घे.

आणखी ता. क. – उंदरांना आधी गुंगी देता का? आणि त्या वेळी तू जवळ उभी असतेस ना? माझ्याही वेळी उभी राहा.