टपावरचा तंबू, तळ्यावरची जागा

सँडविक,
१२ जानेवारी

चि. थोरा हिला अम्माचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तंबूंची चित्रं पोचली. नातीने आजीला तंबू निवडायला सांगावं, हे सुख गावात आणखी कुणाच्या नशिबी आलंय ते दाखव मला. चित्रं घेऊन मी चर्चच्या कॉफीला गेले आणि सगळ्या बायकांपुढे पसरली. गाडीच्या टपावर घर, शिडी लावून चढायचं, म्हटल्यावर फ्रीडाने आधी काय विचारलं, तर रात्री लागली तर खाली कोण उतरणार. तिला सगळं तिथूनच सुचतं.

तू फोनवर बोलू म्हणतेस, पण माझे कान आता नावापुरतेच उरलेत. तू बोलायचीस आणि मी नुसतं हो हो करायची. त्यापेक्षा पत्र बरं. तिसरीत शाळा सुटली तरी अक्षर लागतं ना माझं?

तर तंबू. कडक झाकणाचा तो मला नाही आवडला. भुकेला पाईक मासा तोंड उघडून बसावा तसा दिसतो. कापडी घे. मी पोरसवदा होते तेव्हा हिवाळाभर मासेमारांना रांधायला गोठलेल्या तळ्यावर जायची. घोडे बर्फावरून लाकडी खोली ओढत न्यायचे, आत शेगडी, आम्ही सगळे आतच निजायचो. लाकूड श्वास घेत नाही, त्यामुळे आपलाच श्वास छपराला थिजायचा आणि सकाळी तोंडावर ठिबकायचा. कापडात तसं होत नाही म्हणतात. आणि दुकानदाराला विचार, किती बाजूंनी उघडतो. आमच्या खोलीच्या दाराला कडी नसायची. का नसायची, ते ओद्दूर मासेमार त्याच्या घोड्यांसकट बर्फाखाली गेला त्या साली सगळ्यांना कळलं. असो, कुठून कुठे गेले मी.

मुख्य सांगायचं ते हे की तंबू आला की तो तळ्याच्या बर्फावर लावायचा, आमच्या जुन्या जागी. मला एकदा परत तिथे निजायचंय. शिडी चढते मी. डीनला म्हणावं, नातजावयाने खालून ढकलायचं.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अम्मा


विनिपेग,
२१ जानेवारी

ती. अम्मा हिला थोराचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने दोघंही हसलो. डीन म्हणाला की तंबू विकणाऱ्याने तुला कामावर ठेवायला हवं, त्याला निदान पाईक मासा तरी माहीत होईल.

आमचं अजून एकमत नाही. डीनला कडक झाकणाचाच हवा. दोन कड्या सोडल्या की आपोआप उभा राहतो, वाऱ्यात फडफडत नाही. पण तो जड आहे. मला कापडी पसंत आहे, त्याची शिडी रुंद पायऱ्यांची आहे आणि तुझे गुडघे माझ्या ध्यानात आहेत. मी दुकानात तुझ्या चालीने चढून पाहिलं. तिथला माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

मात्र तळ्याचं मला पटत नाही, अम्मा. गाडी, तंबू, आम्ही दोघं, तू आणि तुझी खाण्याची टोपली, एवढं वजन रात्रभर एकाच जागी उभं राहणार. इकडे गोठलेल्या नदीवरची स्केटिंगची वाट बर्फ पातळ म्हणून यंदा दोनदा बंद केली. डीन डोंगरातला, त्याला पांढरं दिसलं की जमीनच वाटते. तू मला तळ्यावरची वाट आखणाऱ्या लारुसचं मत कळव. तुझं नको. तुझं मला ठाऊक आहे.

काळजी घे, आणि रागावू नकोस.

तुझी नात,
थोरा


सँडविक,
२ फेब्रुवारी

चि. थोरास अम्माचे आशीर्वाद.

रागावले नाही. जरा वेळ पत्र उलटं ठेवलं होतं, एवढंच.

लारुस कॉफीला आला होता. त्याने व्हीनातेर्ता केकचे चार तुकडे खाल्ले आणि वर म्हणाला की थरांतली सुकी प्रून फळं यंदा आंबट आहेत. तळ्यावरची वाट आखायचं काम अजून त्याच्याकडेच आहे. बर्फात ठराविक अंतरावर स्प्रूसची लहान झाडं रोवतो, ती धरून गाड्यांनी जायचं. त्याचं म्हणणं असं की बर्फ धड धरायच्या आधीच हिम पडलं आणि गोधडीसारखं वर बसलं. खालचं पाणी उबेत राहिलं. टोकापाशी भेग पडली म्हणून त्याने झाडं उपटून वाट डावीकडे वळवली, आणि आठवड्यात पुन्हा वळवली. आमच्या जुन्या जागेकडे त्याने यंदा एकही झाड लावलेलं नाही. गाडी आणू नये, असं थोराला कळव, म्हणाला. घे, कळवलं.

पण लारुस बाप्तिस्म्यापासून कुरकुरतोय. त्याच्या आईनेच मला सांगितलं होतं. मी रोज खिडकीतून बघते, तळं कसं परटाने इस्त्री केल्यासारखं आहे. आणि यंदा शांत किती. पूर्वी बर्फ तडकायचा तेव्हा फडताळातल्या बशा वाजायच्या, झोप म्हणून नसायची. यंदा एकदाही आवाज नाही. लारुसला हे सांगितलं तर म्हणाला की चार दिवस बर्फ गर्जतोय, अख्खं गाव जागं आहे. मग त्याने आपली टोपी घेतली.

लेकी, मला हट्टी म्हण. पण तुझा आजोबा, तुझा अफी, मला पहिल्यांदा भेटला तो त्या जागी. माझ्या हातची खिमट झालेली भाकरी खाऊन छान आहे म्हणाला. माणूस लबाड होता. पुन्हा एकदा तिथे डोळे मिटून पडावं, एवढंच मागते.

कापडीच घ्या.

विसर पडू देऊ नकोस या म्हातारीचा.

अम्मा


विनिपेग,
१६ फेब्रुवारी

ती. अम्मा,
सा. न. वि. वि.

तंबू घेतला. कापडी. डीनने मान तुकवली, कारण तो तीन बाजूंनी उघडतो आणि कारण तुझा निरोप होता. तुझं तो ऐकतो. माझं ऐकायला त्याला तुझं नाव सांगावं लागतं.

अंगणात लावून पाहिला. पिवळा धमक आहे. शेजारच्या कुत्र्याने तासभर भुंकून त्याचं स्वागत केलं.

आता नीट वाच. डीन शुक्रवारी एकटा पुढे येतोय. मला शनिवारी सुटी आहे, मी बसने येईन. तुला खूश करायचं म्हणून मी पोचायच्या आधीच तंबू तळ्यावर लावायचा त्याचा बेत आहे. मी नको म्हटलं, तर आपण घाबरट आहोत का असं त्याने मलाच विचारलं. लारुसचं सांगितलं, तर म्हणाला म्हातारी माणसं दर वर्षी असंच म्हणतात. हे वाक्य तो तुझ्याकडूनच शिकलाय.

त्याला काठावर थांबव. तंबू तुझ्या लाकडाच्या शेडपाशी लावा, तिथूनही तळं दिसतं. तू एकदा नाही म्हटलंस की तो जाणार नाही. माझ्यासाठी एवढं कर.

थोरा


सँडविक,
२० फेब्रुवारी, शुक्रवार

चि. थोरा,

आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता आलं. लारुसने टपालघरातून आणलं. डीन त्याआधीच तळ्याकडे निघाला होता.

मला हात रिकामे ठेवता येत नाहीत म्हणून लिहितेय. अग्निशमनवाल्यांना मी घरच्या फोनवरून सांगितलं. पलीकडून काय म्हणाले ते कळलं नाही, म्हणून तीनदा तेच सांगितलं. लारुस हिमगाडी घेऊन डीनच्या मागे गेलाय.

डीन सकाळी आला. किती गोड पोरगा. दोन वाट्या सूप प्यायला, तंबू उघडून दाखवला, मला अंगणात शिडीवरून वर चढवलं. मी हसून हसून दमले. मग मी त्याला या खिडकीशी आणलं आणि बोटाने जागा दाखवली. चर्चचा मनोरा काठावरच्या, मासे साठवायच्या जुन्या बर्फघराच्या छपरावर नेमका बसलेला दिसला, की गाडी थांबव, तीच आमची जागा. आमच्यात पोरं चालायच्या आधी अशा खुणा शिकतात, तळ्यावर दुसरा पत्ताच नसतो. त्याला ती गंमत फार आवडली. मागे बघत बघत जाईन म्हणाला.

लारुसची झाडं डावीकडे वळतात. माझी खूण सरळ नेते. वाट वळवलीय हे तुला मी लिहिलं होतं, लेकी. त्याला सांगायचं बोलण्याच्या भरात राहिलं.

तंबू दिसतोय. तू म्हणालीस तसा पिवळा धमक, बरोबर माझ्या जागेवर. बोटभरही चुकला नाही पोरगा. गाडीभोवतालचं हिम मात्र बाकीच्या हिमासारखं नाही, पाण्याने भिजून करडं आहे, आणि मघापेक्षा जास्त दूरवर करडं आहे.

लारुस शेवटच्या झाडापाशी थांबलाय. पुढे जात नाही. टोपी काढून दोन्ही हात हलवतोय. डीन तंबूच्या तोंडाशी उभा आहे. त्याने ते पाहिलं, आणि तोही दोन्ही हात हलवतोय. लारुस जितका जोरात हलवतो, तितका हाही.

आता त्याने वळून घराकडे बघितलं. माझ्याकडे हात हलवला.

त्याचा फोन इथे टेबलावर राहिलाय, चार्जिंगला लावून विसरला. तो थरथरतोय. वर तुझं नाव आलंय. मला काही ऐकू येणार नाही, पण तुला माझं ऐकू जाईल.

उचलते.

अम्मा