छतावरच्या सोळा सळया

हो, शुद्धीवर आहे, आणि सकाळपासून ताडीचा थेंब घेतलेला नाही. तेवढंही मृत्युपत्रात लिहा, मास्तर. धाक कुणाचा नाही. धाक घालायचा हक्क होता तो नवरा तीन वर्षांपूर्वी गेला, आणि तोच मला घाबरायचा.

मी अबेना फोफिए, राहणार असुबोई, घाना, माझ्यामागं काय कुणाचं ते सांगते.

घर दोन्ही पोरांना, निम्मं निम्मं. नवऱ्यानं कागद करून ते माझ्या नावावर केलंय. तेव्हा आमच्यात मामाचं भाच्याला जातं म्हणून त्याच्या भाच्यानं परत दारात उभं राहू नये. राहिलाच, तर त्याला माझा बोकड सोडा. बोकडाला माणसं कळतात.

कापडांची पेटी लेकीला, आदवोआला. निवडणुकीत दोन्ही पक्षांनी वाटलेली कापडं त्यातच आहेत. मी दोन्ही नेसले. मत कुणाला दिलं ते विचारू नका.

आता छत. वर मजला चढवायचा म्हणून नवऱ्यानं सोळा लोखंडी सळया उभ्या सोडल्या. त्यांच्यावरून पोरं भांडायची आणि दर रविवारी ताटातला फुफूचा गोळा गार व्हायचा.

मुलगा सारपोंग गावात कोको-खरेदीचा तराजू सांभाळतो. तो म्हणायचा, "आई, देशात तेल निघालंय, रस्ता येतोय. मजला चढवू, भाडेकरू रांग लावतील."

आदवोआचं कुमासीच्या बाजारात दुकान. "रस्त्याची पाटी आली, दादा. रस्ता कुठाय? सळया विक आई, गंजायच्या आत."

"तुझ्यासारख्यांमुळं देश मागं राहतो!"

"आणि तुझ्यासारख्यांमुळं नुसती भाषणं पुढं जातात!"

इस्टरपासून दोघं बोलत नाहीत. तो शनिवारी येतो, ती रविवारी. माझी शवपेटी काय एकाच बाजूनं उचलणार?

म्हणून छत दोघांचं मिळून. सळया ठेवा नाहीतर विका, पण एकानं शिडी धरायची, मगच दुसऱ्यानं चढायचं. एकट्यानं चढेल त्याचा हिस्सा बोकडाला.

साक्षीदार: बोआटेंग मास्तर. शेजारीण मान्सा, जी म्हणते मी काही ऐकलं नाही.
सही: अबेना फोफिए
असुबोई, सोमवार, १४ ऑगस्ट २०१७

थांबा मास्तर, सहीखाली जागा आहे. वर चढल्यावर कळणारच, तर माझ्याच तोंडून कळू दे. सळया मी विकल्या. तेव्हा नवरा अंथरुणाला खिळलेला, कोकोचं पीक गेलेलं. त्या आठवड्यात मलाच वाटलं, या देशाचं आणि या घराचं आता काही वर चढत नाही. पण त्याची खाट अंगणात, नजर छतावर. म्हणून बारीक बांबू रंगवून उभे केले. "बघ अबेना, अजून गंजल्या नाहीत," म्हणत गेला बिचारा. पोरांनो, तुम्ही तीन वर्षं बांबूंवरून भांडताय.