चेरीची बियर: गरम की गार

१८ डिसेंबर १९९४, रविवार. सकाळी ११.
आजपासून रोजनिशी. सार्वजनिक कामात पडलेल्या माणसाने ठेवावी.
विहाराच्या कमिटीत ठराव पास. थर्टीफर्स्टच्या संध्याकाळी व्यसनमुक्ती सभा. सगळ्यांना दूध आणि एक भाषण. दूध अध्यक्ष काशीनाथरावांकडून, भाषण माझं. जमलं तर नव्या वर्षी सेक्रेटरी गुणवंतच, म्हणजे मीच, असं काशीनाथराव सगळ्यांसमोर म्हणाले.
आबा, म्हणजे आमचे वडील कोंडिराम, पहिल्या रांगेत होते. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले, तेव्हापासून थेंब नाही. त्याआधी गावात त्यांच्याइतकं कोणी पीत नसे, हेही ते स्वतःच सांगतात. मला काही बोलले नाहीत. पण परत येताना दूधवाल्याला अडवून म्हणाले, हमारा लडका भाषन करनेवाला हाय. बेचाळीस वर्षांत आबांनी तिसऱ्या माणसाला माझ्याबद्दल चांगलं सांगितलेलं पहिल्यांदाच ऐकलं. भाषण जोरात झालंच पाहिजे.

१९ डिसेंबर. रात्रीच्या जेवणाआधी.
ऑफिसातल्या रॉबर्टने डब्याच्या पिशवीतून एक बाटली काढून दिली. रॉबर्ट उत्तनचा. त्याचा भाऊ नॅथन बोटीवर असतो, त्याने बेल्जियमहून आणलेली. चेरीची बियर, आत लवंग-दालचिनी. रॉबर्ट म्हणाला, नाताळ हाय, न्हाय म्हणू नको, ही गरमपण पितात नि थंडपण.
घेतली. नाही म्हटलं असतं तर सर्वधर्मसमभावाला धक्का बसला असता. शिवाय ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याचा अभ्यास नको?

२० डिसेंबर.
आधी तत्त्वाचा प्रश्न. पाचवं शील पुस्तकात बघितलं. सुरा आणि मेरय वर्ज्य. सुरा धान्याची, मेरय फळाफुलांचं. इथे जरा अडचण आली. मग सुचलं, चेरी त्या काळी आपल्याकडे नव्हतीच. म्हणजे चेरी लागू नाही. बियरमध्ये बार्ली असते, पण बार्लीचं पाणी डॉक्टर स्वतः आजाऱ्यांना द्यायला सांगतात. लवंग-दालचिनी तर बायकोच्या, सरोजाच्या, मिसळणाच्या डब्यातली. उरलं काय? पाणी.
लेबलवर एका बाजूला बर्फाची चांदणी, दुसऱ्या बाजूला वाफेचा कप. निर्णय: अर्धी गार, अर्धी गरम. वहीत तक्ता आखला. रंग, वास, परिणाम. परिणामाला जास्त जागा सोडली.

२१ डिसेंबर. पहाटे ५.
फ्रिज सरोजाच्या ताब्यात. म्हणून बाटली पाण्याच्या पिंपात, अगदी तळाला. हिवाळ्यात पिंपातलं पाणी काय गार असतं! उद्या गार चाचणी.

२२ डिसेंबर.
दोन दिवस नळाला पाणी नाही. पिंप उतरलं आणि बाटलीचं डोकं वर आलं. सरोजाच्या आधी मला दिसलं म्हणून वाचलो. बाटली माळ्यावर, जुन्या चपलांमागे. लेबल मात्र पाण्यात सुटलं. सरोजाच्या तांब्यात कागदाची चांदणी निघाली. हे काय, म्हणाली. म्हटलं टँकरचं पाणी आहे, काहीही येतं.
गार चाचणी रद्द. गरमच बरी. हवामानाचा विचार करता.

२३ डिसेंबर.
घरात ओपनर नाही, आणि व्यसनमुक्तीच्या वक्त्याने दुकानात जाऊन ओपनर मागणं बरं दिसत नाही. चमचा वाकला. दाताने प्रयत्न केला, पुढच्या दाताचा टवका गेला. भाषणाची तालीम केली तर व्यसनचं व्यफन होतंय. तक्त्यात "परिणाम"खाली एवढं लिहिलं.

२४ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी ६.
लिहावं की नाही. लिहितो.
हाफ डे. सरोजा बाजारात, आबा गॅलरीत खोकत बसलेले. समोर बिल्डिंग उठतेय, तिची धूळ आठ दिवस घशात बसली आहे. मी पातेलं काढलं, गॅसजवळ बाटली घेऊन उभा राहिलो आणि सरोजा परत आली. सुट्टे विसरली होती. विचारलं, हे काय? बाटलीवर लेबल नव्हतंच. तोंडातून गेलं, काढा. रॉबर्टच्या आईने उत्तनहून पाठवलाय. खोकल्यावर.
ती खूश झाली. म्हणाली, अहो मग आबांना द्यायचा ना, लपवून काय ठेवताय. मी म्हटलं फार कडक आहे. म्हणाली, कडकच पाहिजे त्यांना.
ज्या झाकणाने माझा दात नेला ते तिने दाराच्या कडीत अडकवून एका झटक्यात उडवलं. फेस आला. ताजा दिसतोय, म्हणाली. वास घेतला, लवंग ओळखली, वर आलं किसून घातलं. गरम व्हायला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत मी सांगू शकलो असतो. मी भाषणाचा दुसरा परिच्छेद सुधारला.
आबांनी कपातून एक घोट घेतला. थांबले. कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. उठले, उरलेलं मोरीत ओतलं, कप स्वतः दोनदा विसळला. विचारलं, कुठला काढा हाय ह्यो? म्हटलं, उत्तनचा. बरं, म्हणाले.

२६ डिसेंबर.
आबा बोलत नाहीत. खोकला असेल. एकच घोट होता, आणि उकळल्यावर त्यातलं सगळं उडून जातं. हे विज्ञान आहे. खरं बघता मी त्यांना दिलीच नाही, सरोजाने दिली, आणि तिला माहीत नव्हतं. म्हणजे दोषी कोणीच नाही.
सरोजाने आज रिकामी बाटली हुंगली. मला जेवायला वाढते, पण आग्रह करत नाही.
रॉबर्टने विचारलं, कशी लागली, गरम का थंड? म्हटलं, गरम बरी.

२९ डिसेंबर.
दूधवाल्याने आबांना विचारलं, लडके का भाषण कब है? आबा आत निघून गेले. मला राग आला. एका घोटासाठी इतकं? मग स्वतःचाही आला, पण तो भाषणात वापरता येईल.
संकल्प: भाषणात घरचं उदाहरण द्यायचं.

३१ डिसेंबर, शनिवार. रात्री ८.
हॉल भरला होता. भाषण उत्तम झालं. व्यफन दोनदाच आलं. शेवटी हात वर करून म्हणालो, माझ्या घरात अडतीस वर्षं दारूचा थेंब आलेला नाही. टाळ्या.
टाळ्या थांबल्यावर आबा उठले. एकाहत्तराव्या वर्षी, गुडघ्यांवर हात देत. माईक नको म्हणाले. म्हणाले, म्या आठ दिसामागं एक घोट घेतला. तोंडात गेल्याबरुबर कळलं. थुकायला पाह्यजे व्हता, गिळला. ग्वाड लागला, म्हून गिळला. माझं पाचवं शील मोडलंय. मला पुन्यांदा द्या.
कोणी दिला, कुठून आला, एक शब्द नाही. भंतेजी शील म्हणत गेले, आबा गुडघ्यांवर बसून मागोमाग म्हणत गेले. बायका रडत होत्या. मग आबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि जरा बाजूला सरकले. एका माणसाची जागा झाली.
मी विचार केला. मी एक थेंबही प्यालेलो नाही. बाटलीला लागला तो फक्त दात. मग शील पुन्हा घ्यायचा प्रश्न येतो कुठे? म्हणून माईक धरून उभा राहिलो. जागा तशीच राहिली. मग दूध वाटलं.

१ जानेवारी १९९५, रविवार. दुपारी ४.
सेक्रेटरीचं पुढच्या वर्षी बघू, असं काशीनाथराव म्हणाले. तोवर कालच्या सभेचं इतिवृत्त तेवढं लिहून द्या, तुमचं अक्षर चांगलं आहे.
सकाळपासून लिहितोय. हजेरी, स्वागत, माझं भाषण (अडीच पानं), दूध. मग: श्री. कोंडिराम यांनी पाचवं शील पुन्हा ग्रहण केलं. पुढे रकाना आहे, कारण.
आधी लिहिलं, प्रकृती. खोडलं. मग लिहिलं, काढा. तेही खोडलं. सरोजा चहा ठेवून गेली, वहीत डोकावली, थांबली नाही. गॅलरीतून आबांचा खोकला ऐकू येत होता. मला मान वर करवेना. जागेवर बसून रडलो, पाचेक मिनिटं.
मग लिहिलं. कारण: मुलगा.
त्यांना एकच आहे, त्यामुळे नाव घातलं नाही.