काहीही उरलेलं नाही

प्रिय धाकट्या,

बाबा गेल्यावर तू मी नोकरी करते त्या औषध कंपनीला कळवलंस, त्यांची सगळी माहिती पुसून टाका. नोंदणी करताना त्यांनी आपल्यामागे ठरवणारा म्हणून तुझंच नाव दिलं होतं, तेव्हा कायद्याने तो हक्क तुझा. पुसण्याचं काम माझं. पत्ता, आजार, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, फोनवरची अकरा संभाषणं, सगळं मी माझ्या हाताने पुसलं. एकेक संभाषण ऐकून, रडून, मग. आणि ‘काहीही उरलेलं नाही’ असं सहीशिक्क्याचं पत्र तुला धाडलं.

ते पत्र खोटं निघालं.

आईच्या गोळ्याही आमच्याकडूनच येतात. महिन्याभराने ती म्हणाली, दर सोमवारी दहाला ह्यांचा फोन येतो. मला वाटलं, भ्रम झाला. पुढच्या सोमवारी जाऊन बसले. फोन वाजला. आधी ते घसा खाकरणं, मग, ‘घेतल्या ना गोळ्या? उपाशीपोटी नको, बरं का.’ बाबांचाच आवाज. आई चष्मा पुसत म्हणाली, ‘घेतल्या हो. दर वेळी काय तेच तेच.’

खणून काढलं. गोळ्यांची आठवण करून देणारं आमचं यंत्र ग्राहकांच्याच आवाजांवर बोलायला शिकलं होतं, त्यांत बाबांचाही आवाज. परवानगी? कोणाचीच नाही. कुठल्या कुठल्या घरांत आज बाबा खाकरत असतील. साहेब म्हणाले, आवाजावर शिकवलं, साठवला कुठे? मी म्हटलं, दागिना वितळवला म्हणून सोनं चोराचं होत नाही, आणि माणूस मेला म्हणून त्याचा गळा बेवारस होत नाही. तीन बैठका भांडले. तुझा नवा अर्ज आला की यंत्रातून तो आवाज काढायचं कबूल झालंय.

आई म्हणते, सोमवार तेवढा राहू दे. मी तिला कायदा सांगते, ती फोनजवळ खुर्ची ओढते.

एक गोष्ट साहेबांना सांगितलेली नाही. काल फोनवर आईला विचारणा झाली, ‘आपला भोपळा कधी येतोय?’ अकराही संभाषणं मी ऐकली होती. तुझं ते लाडाचं नाव त्यांत कुठेच नव्हतं.

अर्ज सोबत आहे. सही तू करावीस, यावर मी ठाम आहे. पण टपालाने पाठवू नकोस. बाबांच्या आजारपणात तुझं येणं राहूनच गेलं. येत्या सोमवारी दहाच्या आत ये. विचारलंय तुझ्याबद्दल, उत्तर तूच दे. सही मग कर.

वाट पाहणारी तुझीच,
ताई