छत्री-चाचणी

७ मे २००६, रविवार
लालबागची खोली ३१ तारखेला सोडायची. मीरा रोडला भाड्याने जागा बघतोय. स्वस्त हवी आणि सेफ हवी. अनुष्का शाळेतून आल्यावर आम्ही दोघं ऑफिसातून येईपर्यंत तीन तास एकटी असणार. बारा वर्षांची पोर. काळजी वाटते.
उर्मिला म्हणाली, तिथल्या धुणीभांडीवाल्या बायकांना विचारू, त्यांना प्रत्येक बिल्डिंग आतून माहीत असते. हसलो. मी शास्त्रीय पद्धतीने जाणार.

१४ मे, सकाळी ११
सुगंधा अपार्टमेंट. गेटजवळच्या बाकावर माझी छत्री ठेवली. ऑइल पेंटने ठळक नाव घातलेली. तासाभराने जागेवर सापडली तर वस्ती सेफ. इतकी साधी टेस्ट आजवर कुणाला सुचली नाही!

दुपारी १२.१०
छत्री गायब. नाव दिसत असूनही! वॉचमन समोरच बसलेला. त्याला विचारलं नाही, तोही चोराला सामील असणार. शिवाय एका म्हातारीने कोणाकडे जायचंय म्हणून मला दोनदा हटकलं. जिन्यात बायकांचा गलका, खाली पोरांचं क्रिकेट. भोचक वस्ती. फुली.

१५ मे
ऑफिसातला चंदनही जागा शोधतोय. त्याला सुगंधापासून सावध केलं. म्हणाला, बघून तर येतो. सांगून ऐकत नाहीत लोक.

२१ मे
हरिश्चंद्र हाइट्स. छत्री नाही, म्हणून स्टीलचा डबा ठेवला. एक तास, डबा जागेवर. आणखी एक तास दिला. जागेवर! सात मजले, पण आवाज म्हणून नाही. एकाही गॅलरीत कपडे वाळत नाहीत. काय शिस्त! भाडंही कमी.
उर्मिला म्हणाली, संध्याकाळी येऊन दिवे किती लागतात ते बघू. तोवर मी अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर सही केली होती.

३१ मे
शिफ्ट झालो. अपूर्व शांतता.

३ जून
सात मजल्यांत आम्ही एकटेच. बाकी फ्लॅट लोकांनी इन्व्हेस्टमेंट म्हणून घेऊन ठेवलेत. प्रायव्हसी भरपूर.

१२ जून
शाळा सुरू. संध्याकाळी आलो तर अनुष्काने दाराला आतून टेबल, टेबलावर मिक्सर आणि मिक्सरवर दप्तर लावलं होतं. आत जायला वीस मिनिटं लागली. पोरीला सेफ्टीची जाण आहे, हे चांगलंच.
तिचे डोळे रडून सुजले होते.

१५ जून
चंदनने सुगंधामध्येच घर घेतलं. अनुष्का आता शाळेतून थेट त्याच्या घरी, त्याच्या बायकोकडे जाते. ती म्हातारी तिला रोज हटकते आणि मग बिस्किटं देते. तात्पुरती सोय आहे. अकरा महिनेच.

१८ जून, रविवार
चंदन छत्री घेऊन आला. वॉचमनने त्याच दिवशी उचलून केबिनमध्ये जपून ठेवली होती. सेक्रेटरींनी माझ्या नावानिशी बोर्डावर नोटीस लावली होती. म्हातारीने म्हणे प्रत्येक मजल्यावर चौकशी केली.
मी म्हणालो, टेस्ट बरोबरच होती, निकाल वाचताना थोडी गडबड झाली.
उर्मिलाने छत्री खुंटीला लावली. म्हणाली, आपल्या घरातलं कुणीतरी महिनाभर चांगल्या वस्तीत राहून आलं.