सर रॉलंडच्या हॅटमागचं अक्षर

हॅदरबी, गुरुवार, ११ ऑक्टोबर १९८४

तीर्थरूप हेस्टर आत्या यांना,

भाचा ऑब्री याचा आदरपूर्वक नमस्कार. आई आणि मी इथे ठीक आहोत. तुमचा गुडघा समुद्राच्या दमट हवेत कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही पडशाविषयी लिहिलं होतं. ते तुम्हाला झालं होतं की पर्सीला, हे नीट कळलं नाही. म्हणून दोघांचीही चौकशी करतो. (मांजराला पडसं होतं हे मला ठाऊक नव्हतं, पण ग्रंथालयात विचारलं तर होतं म्हणाले.) नाताळात तुम्ही पाठवलेले लोकरी मोजे मी धुण्याचा दिवस सोडून रोज घालतो.

पत्र लिहिण्याला खास कारण असं काही नाही. बरेच दिवस लिहिलं नव्हतं, आणि रविवारच्या प्रकाराविषयी तुम्ही वर्तमानपत्रात काही वाचलं असेल तर ते सगळं चूक आहे, एवढं कळवावं असं वाटलं. माझं आडनावही त्यांनी चुकीचं छापलं आहे. (मी प्रत्येक अवघड शब्द कोशात पाहून लिहितो आहे. शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली, पण त्याचा त्रास पत्र वाचणाऱ्याला का व्हावा?)

आमच्या गावच्या हॅलडेन कारखान्यात 'मार्लेट' जातीची बेचाळीस विमानं तयार झाली आणि मग कारखाना बंद पडला, हे तुम्हाला माहीत आहेच. बाबांनी त्या बेचाळीसही विमानांना रिबिटं मारली. मी नऊ वर्षांचा असल्यापासून ती विमानं पाहत आलो आहे, आणि वहीत त्यातल्या एकेचाळीस विमानांसमोर खूण आहे. राहिलं होतं ते एकच. आमच्या विमानं पाहणाऱ्यांच्या मंडळाचा नियम असा की विमानाच्या शेपटीजवळचा नंबर, म्हणजे ब्रिटनच्या विमानांचं 'जी' आणि पुढची चार अक्षरं, स्वतःच्या डोळ्यांनी पूर्ण वाचल्याशिवाय विमान पाहिलं असं म्हणायचं नाही. छायाचित्रात पाहिलेलं चालत नाही. कुणी सांगितलेलं चालत नाही. बेचाळीस पूर्ण करणाऱ्याचं नाव धावपट्टीच्या कुंपणाजवळ आमची जी लाकडी खोली आहे तिथल्या पाटीवर सोनेरी रंगात लिहितात. आजवर त्या पाटीवर एकच नाव आहे, आमचे अध्यक्ष ऑर्मरॉड काका यांचं. (हे पूर्वी रेल्वेत सिग्नल सांभाळायचे. अजूनही बोलताना एक हात वर असतो.) बाबांचं नाव पाटीवर नाही. बाबांनी विमानं बनवली, पण ती पाहिली ती नंबर रंगवण्याच्या आधी. ऑर्मरॉड काका तेव्हा बाबांना म्हणाले होते, "टिंडल, तू ती घडवलीस याबद्दल कुणाला शंका नाही. पण पाहिली नाहीस." बाबा हसले होते. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि मला ते हसू फारसं खरं वाटलं नव्हतं. तर पाटीवर टिंडल हे नाव यावं, एवढीच माझी इच्छा होती आणि आहे.

आता मार्लेट विमानं जगात दोनच उरली आहेत. एकाच्या नंबरातलं शेवटचं अक्षर एफ, ते मी पाच वर्षांपूर्वी पाहिलं. दुसऱ्याचं एच. बाकीची अक्षरं दोघांची तीच. हे एच अक्षराचं विमान मोडीत निघायच्या आधी धर्मादाय फेरीसाठी गावोगाव उतरणार, रविवारी हॅदरबीला अकरा मिनिटं थांबणार, आणि त्यात पाहुणे म्हणून साक्षात सर रॉलंड फेअरबर्न बसलेले असणार, असं जाहीर झालं. सर रॉलंडनी सिनेमात वैमानिकाचं काम करून युद्ध जिंकल्यापासून लोक त्यांना ब्रिटनची शान म्हणतात. आमच्या मंडळात मात्र त्यांच्याविषयी मत चांगलं नाही. त्या सिनेमात साल १९४० आहे आणि सर रॉलंड ज्या लढाऊ विमानात बसतात त्याच्या पंख्याला चार पाती आहेत. चार पाती दोन वर्षांनी आली. ऑर्मरॉड काकांनी याबद्दल सिनेमा कंपनीला एकोणीस पत्रं लिहिली. उत्तर म्हणून सर रॉलंडचं सही केलेलं छायाचित्र आलं. ते खोलीत भिंतीकडे तोंड करून लावलेलं आहे.

मी रविवारी पहाटे सहाला कुंपणापाशी पहिला होतो. (रांगेत पहिला. आमच्यात पुढे कुणी घुसत नाही. घुसलाच तर त्याला कुणी बोलत नाही, पण पुढची सहा वर्षं चहाही विचारत नाही.) पाऊस बारीक होता. दुसरा नंबर डगी पिकल्सचा. हा बस चालवतो आणि सगळ्यांची चेष्टा करतो. वेळ जावा म्हणून त्याने ऑर्मरॉड काकांना छेडायला सुरुवात केली.

"काका, तुम्ही मार्लेटला अस्सल ब्रिटिश म्हणता. पण तिची चाकं फ्रान्सची, काचा बेल्जियमच्या, आणि आतल्या खुर्च्या कुठल्या ते देव जाणे."

"शेपटीवर जी आहे ना? मग ब्रिटिश," काका म्हणाले.

"म्हणजे आमच्या कोंबड्याच्या शेपटीवर जी रंगवला तर?"

"उडालं पाहिजे."

"आणि सर रॉलंड? वर्षाचे अकरा महिने स्वित्झर्लंडला राहतात, कर चुकवायला. यांच्या शेपटीवर काय आहे?"

यावर काका म्हणाले की तिथपर्यंत पाहण्याची त्यांची इच्छा नाही, आणि त्यांनी थर्मासचं झाकण लावून टाकलं.

दहा वाजून चार मिनिटांनी विमान ढगातून खाली आलं. पंखाखालचा मोठा नंबर केव्हाच खरवडला गेला होता, आणि विमान नाक आमच्याकडे करून थांबलं. त्यामुळे शेपटीजवळचा नंबर ते वळेल तेव्हाच दिसणार होता. मी वही उघडली आणि पेन्सिलीचं टोक तपासलं. (दुसरी पेन्सिल वरच्या खिशात होती.) मागे गावातली दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. सर रॉलंड शिडी उतरले, सहा फूट दोन इंच, डोक्यावर रुंद काठाची हॅट. हात हलवत ते सरळ कुंपणाच्या फाटकातून बाहेर आले आणि रांगेत मी पहिला होतो म्हणून माझ्याच समोर उभे राहिले. तेवढ्यात विमान वळू लागलं. जी दिसला. मग दुसरं अक्षर, तिसरं, चौथं. पाचवं सर रॉलंडच्या हॅटमागे होतं.

मी म्हणालो, "माफ करा."

"माफी कसली, पोरा!" ते म्हणाले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

मी पुन्हा म्हणालो, "माफ करा, सर," आणि डावीकडे झुकलो. तेही डावीकडे झुकले. आत्या, 'जरा बाजूला व्हा' असं मी म्हणायला हवं होतं. पण सरदारकी मिळालेल्या माणसाला, तेही आपल्या गावी पाहुणा आलेला असताना, असं म्हणता येतं का? मला आलं नाही. मी तिसऱ्यांदा माफी मागितली. डगी म्हणतो की ब्रिटिश माणूस बुडत असला तरी आधी पाणी उडाल्याबद्दल माफी मागतो. बुडताना मागेन की नाही माहीत नाही, पण रविवारी मी मागितली.

आता पुढचं फक्त तुम्हाला लिहितो आहे. आईलाही सांगितलेलं नाही, आणि तुम्ही पर्सीलासुद्धा वाचून दाखवू नये. सर रॉलंडनी माझ्या खांद्यावर हात टाकला, छायाचित्रकाराकडे पाहून हसले आणि ओठ न हलवता माझ्या कानात म्हणाले, "सोडू नकोस रे. पाय कापताहेत. मला विमानाची भयंकर भीती वाटते. इथे पडलो तर उद्या देशभर छापून येईल." त्यांचा चेहरा मटारच्या सूपासारखा हिरवा झाला होता आणि त्यांचं सगळं वजन माझ्यावर होतं. पुढचा प्रवास ते मोटारीने करणार होते आणि मोटार चाळीस पावलांवर होती. छायाचित्रकारासाठी त्यांनी मला वळवलं. माझी पाठ विमानाकडे झाली. मला विमानाची इंजिनं वाढल्याचा आवाज आला. मी मान जेवढी वळते तेवढी वळवली, आणि मग थोडी अधिक. हात सोडून पळालो असतो तर अक्षर दिसलं असतं, आणि सर रॉलंड चिखलात बसले असते. मी सोडलं नाही. तेवढ्यात ऑर्मरॉड काका हात वर करून ओरडले, "सर रॉलंड! १९४० साली पाती तीन होती! तीन!"

सर रॉलंड त्यांच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, मला आत्ता सहा दिसताहेत."

लोक खूप हसले. मी सर रॉलंडना मोटारीत बसवलं तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगेपर्यंत त्यांनी डोळे मिटले होते. वळून पाहिलं तर धावपट्टी रिकामी होती.

सोमवारच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आमचं छायाचित्र आहे. सर रॉलंड हसताहेत, आणि मी घुबडासारखी मान फिरवून भलतीकडे पाहतो आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आहे. वर मथळा, 'सोडवेना!' आणि खाली लिहिलं आहे की भारावून गेलेल्या चाहत्याने आपल्या नायकाला मोटारीपर्यंत मिठी मारून ठेवली. आईने ते चौकटीत घालून शेगडीच्या वरच्या भिंतीवर लावलं आहे. पाववाल्याने मला एक बन फुकट दिला. बिस्किटांच्या कारखान्यात, जिथे मी डबे बंद करतो, तिथल्या बायका विचारतात की सर रॉलंडच्या अंगाला कसला वास येतो. (पेपरमिंटचा. पण मी सांगत नाही.) चार वर्षं माझ्याशी न बोललेली तिकीटघरातली मुलगी म्हणाली, "नशीबवान आहेस हं." मी "माफ करा" म्हणून निघून आलो.

मंगळवारी मंडळाची सभा झाली. विषय एकच, ऑब्री टिंडल याचं बेचाळिसावं विमान धरावं की नाही.

"अहो, तेच विमान!" डगी म्हणाला. "सोळा जणांनी एच वाचला. हा तिथेच उभा होता, त्याच्या नाकासमोर!"

"लग्नात सोळा जणांनी नवरी पाहिली म्हणून सतराव्याचं लग्न होत नाही," ऑर्मरॉड काका म्हणाले.

"पण चार अक्षरं वाचली ना त्याने?"

"ती चार अक्षरं एफच्या विमानावरही आहेत."

मग काकांनी मला विचारलं, आणि या वेळी त्यांचा हात खाली होता. "ऑब्री, तू बाजूला का नाही झालास? एक पाऊल, पोरा. एक पाऊल टाकायचं होतंस." मला खरं सांगता आलं नाही. मी म्हणालो, "मोठा माणूस आहे, सुचलं नाही." आत्या, तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले, ते मला छायाचित्राहून अधिक लागलं. सतरा वर्षांच्या टिपणांत माझी एक चूक नाही, आणि आता सगळ्यांना वाटतं की मी एका नटापुढे भुललो. मतं आठ विरुद्ध आठ पडली. काका अध्यक्ष म्हणून मत देणार, तेवढ्यात मी हात वर करून माझं मत माझ्याविरुद्ध दिलं. काकांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "तुझा बाप असाच होता." त्यांना ते कौतुकाने म्हणायचं होतं की कसं, हे मी अजून ठरवतो आहे. वहीतली बेचाळिसावी ओळ रिकामी आहे.

असो. असलं सगळं लिहून तुम्हाला कंटाळा आणला. गुडघ्याला गरम कपडा बांधत जा. पर्सीला माझी आठवण सांगा.

तुमचा आज्ञाधारक
ऑब्री टिंडल

ता. क. ते विमान इथून उडून नेमकं तुमच्याच गावी उतरलं आहे असं कळलं. सोमवारी, बावीस तारखेला, ते कापायला घेणार. तुमची गैरसोय होणार नसेल तर मी त्याआधीच्या शुक्रवारी, एकोणीस तारखेला, संध्याकाळच्या बसने येतो. मी कोचावर झोपेन. चादर माझी मी आणतो.

ता. क. २. विमान ज्या भंगारवाल्याच्या आवारात आहे ते मि. हॉरेस गॅमेज विमानं बघणाऱ्यांना फाटकात उभंही करत नाहीत म्हणे. (मागे कुणीतरी पंखाखाली जागा मिळावी म्हणून त्यांच्या कोबीवर तिपाई मांडली होती.) आई काल इस्त्री करताना, मी न विचारता, म्हणाली की १९५८ साली हे मि. गॅमेज ओळीने तीन रविवार फुलं घेऊन तुमच्या दाराशी आले होते आणि तुम्ही घरात नाही असं तुम्ही स्वतःच खिडकीतून सांगितलंत. त्यांनी पुढे लग्न केलं नाही, असंही ती म्हणाली. हे मी केवळ माहिती म्हणून लिहितो. तुम्ही त्यांना एकदा चहाला बोलावलंत तर मला आत दोन मिनिटं पुरतील. एक अक्षर आहे.

ता. क. ३. त्यांना अक्षर कुठलं ते कृपया विचारू नका, आणि तुम्हाला दिसलंच तर मला सांगू नका.

ता. क. ४. चहाच्या वेळी त्यांनी पुन्हा लग्नाचं विचारलंच, तर तुम्ही काय उत्तर द्यावं हे सांगणारा मी कोण? होकार असेल तर केव्हाही द्या. नकारच असेल, तर तो शनिवारी दुपारी बारानंतर द्यावा, ही नम्र विनंती.